ॲप काढायच्या आधी दवाखान्यात जाऊन बसा: युझर-सेंटर्ड डिझाइनचा खरा क्रम

बरेच जण मला आपल्या ॲपच्या स्क्रीन्स पाठवतात, जरा बघून सांग म्हणून. स्क्रीन्स देखण्या असतात, रंग जुळलेले, बटणांचे कोपरे गोल. मग मी विचारतो की हे वापरणार कोण, तर उत्तर येतं "सगळेच". आणि यातल्या एकाला तरी वापरताना बघितलंस का, तर "लाँच झाल्यावर फीडबॅक घेणार आहोत ना". म्हणजे आधी कळस मग पाया. वापरणाऱ्या माणसाला मधोमध ठेवून ॲप बनवायचं, म्हणजेच युझर-सेंटर्ड डिझाइनचं, काम अवघड नाहीये हो, क्रम चुकतो एवढंच, आणि एकदा क्रम चुकला की पुढं कितीही मेहनत करा ती चुकीच्याच गोष्टीवर होते.

म्हणून खाली क्रमानं लिहितोय. उदाहरण एकच धरू: तालुक्याच्या गावातला लहान मुलांच्या डॉक्टरांचा दवाखाना, आणि फोनवरून नंबर लावायची सोय. मी असं एक काम केलंय आणि पहिल्या वेळी सपशेल चुकलोय, त्या चुका मधे मधे सांगतोच. तुमचं ॲप डेअरीचं असो नाहीतर सोसायटीच्या मेंटेनन्सचं, पायऱ्या याच.

## १. तयारी: फिगमा अजून उघडू नका

फिगमा म्हणजे स्क्रीन्स काढायचं सॉफ्टवेअर, ते राहू दे बाजूला. पहिलं काम, एक वाक्य लिहा. त्यात तीन गोष्टी हव्यात: कोण, काय करायला, कुठल्या परिस्थितीत. "पेशंटसाठी सोपं आणि फास्ट ॲप" हे वाक्य नाही, ती जाहिरात झाली. वाक्य असं: "आजारी पोर कडेवर असलेल्या आईला घरून नंबर लावता यावा आणि आपली पाळी साधारण कधी येईल ते कळावं." आयएसओ ९२४१-११ या स्टँडर्डमध्ये युझेबिलिटीची (म्हणजे वापरायला किती सोयीचं याची) जी व्याख्या आहे ती पण हेच धरून आहे, की ठरावीक माणसं, ठरावीक काम, ठरावीक परिस्थिती, आणि मग बघायचं काम पूर्ण झालं का, किती कष्टात झालं, आणि माणूस समाधानी आहे का. नुसतं "सोपं" असं जगात काही नसतं. तुम्हाला सोपं ते तिला रात्री दहा वाजता तापलेलं बाळ घेऊन सोपं असेलच असं नाही.

मग ही जमवाजमव:

- डॉक्टरांची परवानगी, दोन वेळा बसायची. एकदा गर्दीची वेळ (सोमवारची संध्याकाळ चालेल), एकदा निवांत.
- वही आणि पेन. रेकॉर्डर नको, लोक आखडतात.
- चार-पाच वर्षं जुना साधा अँड्रॉइड फोन, स्क्रीनगार्डला तडा गेलेला असेल तर उत्तमच. तुमच्या महागड्या फोनवर सगळंच चांगलं दिसतं.
- चाचणीच्या तारखा. हो, आत्ताच. अजून एक रेघ मारलेली नसताना कॅलेंडरमध्ये दोन तारखा लिहून टाका आणि रिसेप्शनवरच्या ताईंना सांगून ठेवा, कारण तारखा नंतर ठरवू म्हटलं की त्या ठरत नाहीत, मी स्वतः तीनदा हे केलंय.

सावध: केसपेपरचे फोटो काढू नका, मुलांची नावं वहीत लिहू नका, "आई १, आई २" असं लिहा. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्ट २०२३ मध्ये मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची वेगळी तरतूद आहे, आणि कायदा सोडा, दवाखान्यात बसून लोकांच्या पोरांचे कागद टिपणं बरं दिसत नाही.

## २. जाऊन बसा, आणि गप्प बसा

कोपऱ्यातला स्टूल घ्या. पहिला अर्धा तास कुणाला काही विचारायचं नाही, फक्त बघायचं. काय बघायचं? लोक नंबर लावतात म्हणजे नेमकं काय करतात, कुठं अडतात, कुणाला विचारतात, हातात काय असतं, फोन कुणाचा असतो.

माझी चूक इथली. मी जायच्या आधीच झकास कॅलेंडर काढून ठेवलं होतं, पंधरा-पंधरा मिनिटांचे स्लॉट, मोकळे हिरवे आणि भरलेले राखाडी. तिथं बसल्यावर तासाभरात कळलं की या दवाखान्यात स्लॉट नावाची वस्तूच नाही. सर्दीचं पोर चार मिनिटांत बाहेर येतं, नवीन बाळ वीस मिनिटं घेतं, मधेच कुणी फिट आलेलं मूल घेऊन धावत येतं आणि ते थेट आत जातं, आणि त्याबद्दल बाहेर बसलेलं कुणी ब्र काढत नाही. लोक सकाळी येऊन वहीत नाव लिहून जातात. आणि दिवसभर फोनवर, दारात, जिन्यावर एकच प्रश्न: "आत्ता कितवा नंबर चालूए?" वेळ कुणालाच नको होती, नंबर हवा होता. अख्खं कॅलेंडर केराच्या टोपलीत. दोन आठवड्यांचं काम गेलं आणि ते स्टूलवर बसल्यावर तासाभरात समजलं असतं, म्हणून हा लेख.

बघून झालं की बोला. पण प्रश्न नीट विचारा:

- "असं ॲप आलं तर वापराल का?" नको. समोरचा माणूस भिडेखातर हो म्हणतो.
- "कुठले फीचर्स हवेत?" अजिबात नको. फीचर ठरवणं तिचं काम नाही, तुमचं आहे.
- "मागच्या वेळी नंबर कसा लावला? सकाळपासून सांगा ना." हे विचारा.
- "मग काय केलं?" आणि त्यानंतर थांबा. खरी माहिती बहुतेक वेळा तुम्ही गप्प राहिल्यावर येते.

"मागच्या वेळी" हे दोन शब्द फार कामाचे. त्यातनं मला कळलं की एका आईच्या घरात स्मार्टफोन एकच, तो नवरा कामाला घेऊन जातो, ती सासूबाईंच्या साध्या फोनवरून रिसेप्शनला कॉल करते. आता विचार करा, माझ्या पहिल्या डिझाइनमध्ये लॉगिनला ओटीपी होता.

आणि एक माणूस सगळे विसरतात: रिसेप्शनवरच्या ताई. त्या पण युझर आहेत, उलट पहिल्या युझर त्याच. खांद्यावर फोन दाबलेला, एका हातात सुट्टे पैसे, समोर वही. पेशंटच्या ॲपमधले नंबर आणि थेट आलेल्यांचे नंबर त्यांना दोन ठिकाणी लिहायला लावले तर त्या तिसऱ्या दिवशी सोडून देतील (आणि बरोबरच करतील), मग ॲपमध्ये "चालू नंबर ७" आणि आत खरा चौदावा, असं झालं की त्या ॲपवर गावात परत कुणी विश्वास ठेवत नाही.

सावध: डॉक्टर पैसे देतात पण नंबर लावत नाहीत. त्यांचं ऐका, पण "आमच्या पेशंटना असं असं लागतं" हे त्यांचं मत आहे, तुम्ही बघितलेलं नाही. वहीत वेगळ्या पानावर लिहा.

तपासा: निघायच्या आधी वहीत बघा, सकाळी माहीत नव्हत्या अशा निदान दहा गोष्टी सापडल्या का? नसतील तर अजून एक दिवस बसा.

## ३. सगळं एका पानावर आणा

इथं लोक पर्सोना, म्हणजे एका काल्पनिक युझरची ओळखचिठ्ठी, करतात. "प्रिया, वय २८, आवड: ट्रॅव्हलिंग आणि कॉफी", बाजूला हसऱ्या बाईचा फोटो. त्या कॉफीवरून तुमचं एक तरी बटण ठरतं का? नाही ना. मग फोटोच्या जागी परिस्थिती लिहा:

१. एक हात मोकळा, तोही कधी कधीच. बाळ रडतंय.
२. फोन दुसऱ्याचा असू शकतो. ओटीपी भलतीकडे जाईल.
३. जिन्यात रेंज येते-जाते.
४. बाळाला अजून नाव नाही.

हे चौथं नीट वाचा. बारसं व्हायच्या आधी बाळाला नाव नसतं, आणि नवीन बाळ तर पहिल्या दहा-बारा दिवसांतच डॉक्टरांकडे दाखवायला येतं. तुमच्या फॉर्ममध्ये "पेशंटचं नाव" सक्तीचं असेल तर ती आई काय लिहिणार? दवाखान्याच्या वहीत ताई सरळ आईचं नाव लिहून पुढं "बाळ" लिहितात. फॉर्मला पण तेच जमलं पाहिजे. घरी बसून अशी गोष्ट कुणाच्या डोक्यात येत नाही.

त्याखाली कामांची यादी. फीचर्सची नाही, कामांची, आणि लोकांच्याच शब्दांत: नंबर लावायचा; कितवा चालूए ते बघायचं; जमणार नसेल तर नंबर सोडायचा; दीड महिन्याचा डोस कधी ते विचारायचं. बास. प्रत्येकापुढं दोन खुणा करा, हे किती वेळा होतं आणि नाही जमलं तर किती त्रास होतो. वारंवार होणारं आणि त्रासाचं ते वर. माझ्या यादीत "कितवा चालूए" सगळ्यात वर आलं आणि माझ्या पहिल्या डिझाइनमध्ये ते कुठंच नव्हतं.

## ४. शब्द आधी, डबे नंतर

डिझाइन करणारे लोक डबे काढून त्यात काहीतरी मजकूर कोंबतात आणि मराठी शेवटी कुणाकडून तरी भाषांतर करून घेतात. उलटं करा. मराठीतनंच सुरू करा.

"अपॉइंटमेंट आरक्षित करा" असं त्या गावात कुणी म्हणत नाही, "नंबर लावा" म्हणतात, बटणावर तेच. "सबमिट" चालतं, लोकांना सवय झालीये, पण "नंबर लावा" दाबल्यावर परत "सबमिट" कशाला. "प्रतीक्षा सूची" नको, "तुमच्या आधी ५ जण" लिहा. लसीचं म्हणाल तर डॉक्टरांच्या चार्टवर ६, १० आणि १४ आठवडे असतात पण आया बोलतात दीड, अडीच आणि साडेतीन महिने, तेच दाखवा, आठवडे हवे तर बारीक अक्षरात.

वेळेच्या बाबतीत "एएम-पीएम" टाळा, "सकाळी ९:३०", "संध्याकाळी ६:१५" लिहा. आणि "परवा" हा शब्द स्क्रीनवर कधीच एकटा सोडू नका. मराठीत परवा मागचा पण असतो आणि पुढचा पण! बोलताना क्रियापदावरून कळतं, बटणावर क्रियापद नसतं. वार आणि तारीख लिहा.

आता माझी आवडती चूक, जी मोठमोठ्या ॲपमध्ये पण दिसते. माणूस नंबर सोडायला जातो, खिडकी येते: "तुम्हाला नंबर रद्द करायचा आहे का?" आणि खाली दोन बटणं, "रद्द करा" आणि "ठीक आहे". आता सांगा कुठलं दाबायचं? "रद्द करा" म्हणजे नंबर रद्द की हे रद्द करणं रद्द? बटणावर पूर्ण काम लिहा: "हो, नंबर सोडा" आणि "नाही, राहू दे". प्रश्न न वाचता नुसती बटणं वाचली तरी कळलं पाहिजे, कारण प्रश्न कुणी वाचत नाही.

एसएमएस पाठवणार असाल तर अजून एक. देवनागरी एसएमएस युनिकोडमध्ये जातो, त्यात एका मेसेजला ७० अक्षरं मिळतात, इंग्रजीसारखी १६० नाही, आणि काना-मात्रा-अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. "तुमचा नंबर १४. आत्ता ९ चालू. साधारण ६:१५ पर्यंत पोचा." हे बसतं. "आदरणीय पालक, आपणास कळविण्यात येते की" लिहून सुरुवात केलीत तर दोन मेसेजचे पैसे. शिवाय एसएमएसचा नमुना डीएलटीवर (मोबाइल कंपन्यांची मेसेज नोंदवायची व्यवस्था) आधी रजिस्टर करावा लागतो, म्हणजे शब्द शेवटी बदलले तर परत मंजुरी, परत थांबा. शब्द आधी ठरवायचं हे पण एक कारण.

तपासा: सगळी बटणं आणि मेसेज एका कागदावर लिहून घरातल्या कुणालातरी फोनवर वाचून दाखवा. "म्हणजे काय?" असं जिथं विचारतील तिथं खूण.

## ५. फ्लो कागदावर काढा, अडचणींसकट

अजून फिगमा नाही. पेन्सिल आणि पाठकोरे कागद. एका कागदावर एक स्क्रीन, चौकटी आणि शब्द एवढंच.

आधी सरळ वाट: लिंक उघडली, नंबर लावला, नंबर मिळाला, चालू नंबर दिसला. चार कागद. पाचवा लागत असेल तर का लागतोय ते स्वतःला विचारा.

मग प्रत्येक कागद हातात घेऊन "आणि तसं नाही झालं तर?" विचारत जा. खरं डिझाइन इथं होतं, सरळ वाट कुणीही काढतं.

- नेट मधेच गेलं. नंबर लागला की नाही? तिनं परत दाबलं तर दोन नंबर लागतात का? (माझ्याकडं लागले होते, एका बाळाचे तीन नंबर.)
- डॉक्टर इमर्जन्सीला गेले, तासभर नंबर हलत नाही. स्क्रीन नुसती "९ चालू" दाखवत बसली तर लोकांना वाटतं ॲप बिघडलं. "डॉक्टर बाहेर गेलेत, ६:३० नंतर सुरू होईल" हे ताईंना एका टिचकीत टाकता आलं पाहिजे.
- ती पोचली तोवर नंबर निघून गेला. मग? हा नियम तुम्ही ठरवू नका, दवाखान्यात आत्ता काय करतात ते विचारा. आमच्याकडं "दोन जणांनंतर आत सोडतात" असं चालायचं, तेच ठेवलं.
- जुळी मुलं. किंवा दोन भावंडं एकदम आजारी, जे पावसाळ्यात नेहमीचं.
- ज्यांच्याकडं स्मार्टफोन नाही. त्यांच्यासाठी फोन कॉल चालूच राहणार, ताई तो नंबर त्याच यादीत टाकणार. ॲप आलं म्हणून फोन बंद करायचा नाही.

सावध: "हे क्वचितच होतं, नंतर बघू" असं म्हणून बाजूला ठेवलेल्या गोष्टी चालू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात होतात.

## ६. आता स्क्रीन

आता उघडा फिगमा. प्रत्येक स्क्रीनला तीन प्रश्न विचारा: इथं काय करता येतं ते दिसतंय का, केल्यावर झालं की नाही ते कळतंय का, आणि चुकलं तर मागं फिरता येतंय का. इंटरॅक्शन डिझाइनची पुस्तकं जाडजूड असतात पण रोजच्या कामात हे तीन प्रश्न पुरतात.

दिसणं. बटण बटणासारखं दिसू द्या. नुसता रंगीत मजकूर ठेवून "लोकांना कळेल" म्हणू नका. आयकॉनखाली शब्द हवाच, घंटीचं चित्र म्हणजे नोटिफिकेशन हे तुम्हाला माहितीये. बटणाची उंची-रुंदी निदान ४८ डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप), म्हणजे साधारण ९ मिलिमीटर, अँड्रॉइडच्या गाइडलाइन्स तेच सांगतात, आणि मुख्य बटण खालच्या भागात, एका हाताच्या अंगठ्याला पोचेल असं. "नंबर सोडा" हे मात्र तिथं अजिबात नको, चुकून दाबलं जाईल.

फिकट राखाडी अक्षरांचा सोस सोडा. मजकूर आणि मागचा रंग यात ४.५ ला १ एवढा तरी कॉन्ट्रास्ट (उजेड-अंधाराचा फरक) लागतो, मोजायची फुकट टूल्स आहेत. पण उन्हात उभं राहून बघणं हे सगळ्यात स्वस्त टूल.

देवनागरीचं वेगळं सांगतो कारण हे सगळे चुकतात. इंग्रजी मजकुरावर बेतलेली लाइन हाइट (ओळीची उंची) ठेवली की वरची वेलांटी आणि खालचा उकार कापले जातात किंवा एकमेकांत घुसतात. अक्षरांच्या आकाराच्या दीडपटीच्या आसपास ठेवा आणि "र्‍हस्व", "उर्फी", "किंमत", "कृष्णूबुवा" असले शब्द टाकून बघा, "होम" आणि "नाव" टाकून नाही. अक्षरांमधलं अंतर वाढवायची फॅशन इंग्रजी कॅपिटलला शोभते, मराठीत शिरोरेषा तुटते. आणि पानाची भाषा कोडमध्ये मराठी म्हणून नोंदवा, म्हणजे फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे दिसतात, हिंदी वळणाचे नाही.

कळणं. बटण दाबलं की लगेच काहीतरी हललं पाहिजे. जुना ठोकताळा असा: ०.१ सेकंदाच्या आत प्रतिसाद आला तर माणसाला ते आपणच केल्यासारखं वाटतं, १ सेकंदापर्यंत विचार तुटत नाही, १० सेकंदांच्या पुढं लक्ष उडतं. जिन्यातल्या रेंजमध्ये एका सेकंदात सर्व्हर उत्तर देणार नाहीच, म्हणून बटण दाबताक्षणी ते बंद करा आणि त्यावरच "नंबर लागतोय…" लिहा. दुहेरी नंबरची अर्धी भानगड इथंच मिटते. उरलेली अर्धी सर्व्हरवर मिटवायची, त्याच फोनवरून त्याच बाळाचा दुसरा नंबर आला तर पहिलाच दाखवायचा.

चालू नंबर मोठ्ठा दाखवा, आणि खाली "२ मिनिटांपूर्वीचा" असं लिहा. ही छोटी ओळ विसरू नका, नेट गेलेलं असताना जुना नंबर ताजा म्हणून दाखवणं म्हणजे खोटं बोलणं.

फॉर्म. जेवढं कमी तेवढं बरं. आम्ही शेवटी दोनच रकाने ठेवले, बाळाचं किंवा आईचं नाव आणि मोबाइल नंबर. पत्ता, पिनकोड, ईमेल, रक्तगट सगळं उडवलं, नंबर लावायला रक्तगट लागत नाही.

नावाचा एकच रकाना. "फर्स्ट नेम, लास्ट नेम" असं तोडू नका, कुणी आडनाव आधी लिहितं, कुणी नाव-वडिलांचं नाव-आडनाव, कुणी नुसतं "स्वराची आई".

मोबाइलच्या रकान्यात आकड्यांचा कीबोर्ड उघडला पाहिजे. आणि मराठी कीबोर्डवरून कुणी ९८ असं देवनागरीत टाइप केलं तर ते पण घ्यायचं, आतल्या आत बदलून. माझ्या ॲपनं तिथं "कृपया वैध क्रमांक प्रविष्ट करा" असा लाल मेसेज दिला होता, आणि ती आई परत परत तोच बरोबर नंबर टाकत होती. चूक तिची नव्हतीच. मधे स्पेस टाकली, पुढं शून्य किंवा +९१ लावलं, तेही चालवून घ्या. आकडे खरंच कमी असतील तर सरळ लिहा: "नंबर १० आकडी हवा, ९ च आलेत". आणि टाइप केलेलं पुसू नका!

मागं फिरणं. फोनचं बॅक बटण दाबल्यावर भरलेला फॉर्म कोरा होत असेल तर ते आधी नीट करा, बाकी सगळं नंतर.

तपासा: त्या जुन्या फोनवर, ब्राइटनेस कमी करून, अक्षरं सेटिंगमधनं सगळ्यात मोठी करून, डाव्या हातात दोन किलोची पिशवी धरून नंबर लावून बघा. हसू नका, करा.

## ७. चाचणी: तुम्ही तोंड बंद ठेवायचं

तारखा आधीच ठरल्यात ना? त्याच दिवशी जे तयार असेल ते घेऊन जायचं, अर्धवट असलं तरी. कागदी स्क्रीन्स पण चालतात, तुम्ही हातानं कागद बदलायचे. उलट कागदावर लोक मोकळेपणानं नावं ठेवतात, चकचकीत स्क्रीन बघितली की "छान आहे" म्हणून मोकळे होतात.

किती लोक? पाच. युझेबिलिटीचा अभ्यासक याकोब निल्सन याचा हिशोब प्रसिद्ध आहे, पाच जणांत साधारण ८५ टक्के अडचणी सापडतात, पण त्यात गृहीत धरलंय की एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी दाखवतो आणि सगळे एकाच प्रकारचे युझर आहेत. म्हणजे आयांचे पाच वेगळे, आणि रिसेप्शनच्या ताई वेगळ्या. आणि एकदाच पंधरा जण बसवण्यापेक्षा पाच-पाच जण तीनदा, मधे दुरुस्ती करून.

प्रत्येकीबरोबर हा क्रम:

१. आधी सांगा, "परीक्षा ॲपची आहे, तुमची नाही. अडलात तर चूक आमची." हे वाक्य खरंच म्हणा, नाहीतर बायका संकोचतात, "मला नाही हो एवढं कळत" म्हणून फोन परत देतात.
२. काम सांगा, पण स्क्रीनवरचे शब्द न वापरता. "नंबर लावा बटण दाबा" हे काम नव्हे. "बाळाला रात्रीपासून ताप आहे, आज डॉक्टरांना दाखवायचंय, काय कराल?" हे काम.
३. मनात येईल ते मोठ्यानं बोलायला सांगा.
४. गप्प बसा. ती अडली तर मनात वीस आकडे मोजा. तिनं विचारलं "हे दाबू का?" तर "तुम्हाला काय वाटतं, काय होईल?" एवढंच.
५. शेवटी विचारा, कुठं शंका आली. "आवडलं का?" विचारू नका.

दुसरा माणूस बरोबर असेल तर त्याला फक्त लिहू द्या: कुठं थांबली, काय चुकीचं दाबलं, काय म्हणाली, मदतीशिवाय काम झालं का. मत लिहायचं नाही. "गोंधळली" हे मत आहे, "वरच्या नंबरावर तीनदा टिचकी मारली" हे बघितलेलं.

सावध: मधे बोलायची खाज फार सुटते. स्वतःचं काम चुकताना बघवत नाही. एकदा मी नकळत बोट दाखवलं आणि पुढची सगळी चाचणी फुकट गेली, कारण नंतर ती स्क्रीनकडं नाही, माझ्या बोटाकडं बघत होती.

सावध: ऑफिसातले मित्र, बायको, भाऊ यांच्यावर केलेली चाचणी मोजायची नाही. शब्द वाचून दाखवायला घरचे चालतात, इथं नाही.

## ८. दुरुस्तीची रांग लावा

घरी येऊन त्याच संध्याकाळी वही काढा, उद्यावर टाकलं की आठवणी गोड होतात. प्रत्येक अडचणीला तीनपैकी एक खूण: काम अडलं, काम झालं पण वेळ गेला, नुसतं खटकलं. आधी पहिल्या खुणेचं, ते संपेपर्यंत तिसऱ्याला हात नाही. रंग बदलायला मजा येते म्हणून लोक तिसऱ्यापासून सुरू करतात.

दुरुस्ती करताना बघा की मूळ कुठल्या पायरीत आहे. आमच्याकडं तीन आयांनी नंबर मिळाल्यावर परत "नंबर लावा" शोधला. मला वाटलं मेसेज लहान आहे, मोठा केला. पुढच्या चाचणीत परत तेच. मग लक्षात आलं, स्क्रीनवर मोठ्ठा आकडा होता तो चालू नंबर, ९, आणि त्यांना वाटत होतं तोच आपला. म्हणजे अक्षरांचा आकार नव्हे, शब्दच चुकले होते, चौथी पायरी. "तुमचा नंबर १४" आणि "आत चालू ९" अशा दोन वेगळ्या पट्ट्या केल्या, दवाखान्यात ताई जे पुठ्ठ्याचे बिल्ले देतात तसा तुमचा नंबर बिल्ल्यासारखा दाखवला, आणि प्रश्न मिटला.

स्क्रीनवर सूचना वाढवून अडचण मिटवायचा मोह होईल. पहिल्यांदा उघडल्यावर चार पानी टूर, बाण, "पुढे", "पुढे", "समजलं". ते कुणी वाचत नाही, फटाफट पुढे दाबतात. जिथं टूर लागते तिथली स्क्रीन बदला.

मग परत सातवी पायरी, नवे पाच जण. दोन फेऱ्या तरी कराच.

## ९. चालू केल्यावर काय मोजायचं

डाउनलोड मोजू नका. दवाखान्यात ॲप चाललंय की नाही हे कळायचा एक सोपा उपाय आहे: "कितवा नंबर चालूए?" विचारायला दिवसाला किती फोन येतात. चालू करायच्या आधीच्या आठवड्यात ताईंना वहीच्या कोपऱ्यात फुल्या मारायला सांगा, नंतरच्या आठवड्यात परत मारायला सांगा. दुसरं, ॲपवर नंबर लावून परत फोन करून "लागला का हो?" विचारणारे किती. हे जास्त असतील तर सहाव्या पायरीतलं "कळणं" कच्चं राहिलंय.

आणि पहिल्या सोमवारी संध्याकाळी परत त्या स्टूलवर जाऊन बसा. मी बसलो तेव्हा दिसलं की ताईंनी चालू नंबर दाखवणारी स्क्रीन कॉम्प्युटरवर उघडून मॉनिटरच दाराकडं फिरवून ठेवलाय, बाहेरच्यांना दिसावा म्हणून. ते माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. पुढच्या आठवड्यात दारावर वेगळा जुना टॅब लावला, लांबून वाचता येईल एवढ्या आकड्यांचा.